पाटावरचा कॉम्प्युटर

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी मला तुमचा नवा खेळायचा कॉम्प्युटर दाखवलात. काचेची पेटी, आत निळे-जांभळे दिवे, फिरणारे पंखे. मी सहज विचारलं, "ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतलंत की बोर्डावरचंच आहे?" तुम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलात. मग धाकटा ओरडला, "मम्मा, आजीला हे कसं माहीत?" तुमची आई मागे भांडी पुसत होती. ती हसली आणि म्हणाली, "आजीलाच विचार." तेवढ्यात तुमचा कुणी मित्र खेळायला आला आणि विचारायचं राहून गेलं. पण प्रश्न चांगला होता. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. चांगला प्रश्न अनुत्तरित ठेवणं मला जमत नाही.

तुम्ही जन्मायच्या बऱ्याच आधी, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या घरात, तुमच्या आईनं स्वतःच्या हातांनी एक कॉम्प्युटर जोडला होता. सुटे भाग आणून, एकेक बसवून. आणि तो नुसता टायपिंगपुरता नव्हता; त्या वेळचे मोठे खेळ त्यावर चालत. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच कॉम्प्युटर नव्हता. गावात जे होते ते ऑफिसांत, कापडी झाकणाखाली झोपलेले असायचे.

त्या वर्षी तुमची आई गावातल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि घुश्शात होती. तिला नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकायचा होता. तुमच्या आजोबांचं म्हणणं, बी.एस्सी. इथंच करावी, मग बी.एड., मग आईसारखी शाळा. आजोबा सरकारी नोकरीतले, मूळचे जिल्ह्यातल्याच कटंगीकडचे. ऑफिसात ते हिंदी बोलायचे, पाहुण्यांशी पुस्तकी मराठी, आणि मनातलं बोलायचं असलं की तोंडी कटंगीची मराठी यायची. त्या वादात ते सगळा वेळ कटंगीचेच होते.

"तुले नागपूरले पाठवून काय फायदा?" ते म्हणाले. "हार्मोनियम शिकायले लावली, ते बंद. शॉर्टहँड लावलं, ते बंद. स्वेटर सुरू केलं, त्याची एक बाही तुझ्या आईच्या ट्रंकेत पडून आहे. नागपूरचं होस्टेल अर्धं सोडून आली तर मी लोकायले काय सांगू?"

यात खोटं काही नव्हतं. बाही माझ्या ट्रंकेत होतीच.

तुमच्या आईनं पायाच्या अंगठ्यावरची नजर उचलली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी कॉम्प्युटर घेणार आहात ना? दुकानातला?"

"हौ. भाव करून ठेवला आहे."

"तेवढेच पैसे मला द्या. मी जोडते. तुमचा दुकानातला जे करेल ते सगळं करेल, आणि वर गेम चालवेल. पूर्ण केला तर मला नागपूरला पाठवायचं."

"गेम?" आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच घरात पत्त्यांचा अड्डा बसवला होता. "गेम कायले पायजे?"

"गेम सगळ्यात जड असतो, बाबा. जो कॉम्प्युटर गेम ओढतो तो काहीही ओढतो. ट्रकसारखं. भरलेला चढवला तर रिकामा चढतोच ना?"

ट्रकचा मुद्दा त्यांना पटला. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी उकव्याच्या खाणीजवळ काढली होती; मँगनीजचे भरलेले ट्रक चढाला कसे कण्हतात ते त्यांना ठाऊक होतं.

"अन् नाही चालला तर?"

"तर बी.एस्सी. करीन, बी.एड. करीन. नागपूरचं नाव काढणार नाही."

"वरून एक रुपया भेटणार नाही."

"नको मला."

"दसऱ्यापर्यंत."

"दसऱ्यालाच चालू करते. मुहूर्तावर."

असं ठरलं. नागपूर की बी.एड., हे आता एका यंत्रावर येऊन थांबलं होतं, आणि ते यंत्र अजून अस्तित्वातही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जे सुरू केलं ते मी शिक्षिकेच्या नजरेनं पाहत होते, आणि सांगते, मी प्रभावित झाले. तिनं आधी काय घ्यायचं नाही ते ठरवलं. स्पीकर नको. नवा मॉनिटर नको; बस स्टँडजवळचं एक टायपिंगचं दुकान बंद होत होतं, तिथला जुना, मागे भलंमोठं कुबड असलेला मॉनिटर तिनं चालवून बघून आणला. तिथलाच कीबोर्ड आणि माऊस. वाचलेला सगळा पैसा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे. शेवटी तिनं बाहेरच्या पेटीवरही काट मारली, ज्याला कॅबिनेट म्हणतात.

"कॅबिनेट म्हणजे नुसता डबा आहे, आई. डब्यानं गेम चालत नाही."

"मग भाग राहतील कशात?"

"लाकडावर. लाकडावर चालतं."

आणि तिनं भिंतीला टेकवलेला सागवानी पाट उचलला. पंगतीला पाहुणे बसवायचे पाट असतात ना, त्यातला सगळ्यात रुंद. "हा," ती म्हणाली. पाट आमच्याकडे पुष्कळ होते.

आता भाग आणायचे. बालाघाटची एक रीत होती: कुणी नागपूरला निघालं की आदल्या दिवशी ओळखीच्या घरांतून विचारून जायचं, काही आणायचं का? उत्तर ठरलेलं असे. चष्म्याची काच, इथं न मिळणारं औषध, लग्नाची साडी. त्या पावसाळ्यात आमच्या घराचं उत्तर बदललं. शेजारच्या काकू डोळे तपासायला गेल्या तेव्हा तुमच्या आईनं त्यांच्या हाती चिठ्ठी आणि पैसे दिले, आणि काकूंबरोबर रॅम आली. रुमालात बांधून, पैशाच्या बटव्यात, कमरेला खोचून आणली होती त्यांनी.

"एवढीशी पट्टी?" काकू रुमाल सोडताना म्हणाल्या. "अन् एवढे पैसे? पोरी, तुले फसवलं त्यानं. मी म्हटलं त्याले, आणखी एखादी टाक ना वरून."

"मग?"

"हसला मेला."

मोठ्या वस्तू आणायला मात्र आम्ही दोघीच गेलो. गोंदियापर्यंत बस, पुढे नागपूरची गाडी, मग सीताबर्डीच्या एका जिन्यावरचं दुकान. काउंटरमागचा माणूस माझ्याशीच बोलू लागला. "मॅडम, घर के लिए ना? ये बोर्ड ले जाइए. सब लोग यही ले रहे हैं."

तुमच्या आईनं बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. "इसमें ग्राफिक्स कार्ड का स्लॉट कहाँ है?"

"बेटा, इसमें पिक्चर बोर्ड से ही आती है. अलग कार्ड की ज़रूरत नहीं."

"मुझे ज़रूरत है. गेम खेलना है."

"तू गेम खेलेगी?"

"क्यूँ भैया, लड़कियों का कार्ड अलग आता है?"

बाजूला उभी असलेली दोन कॉलेजची मुलं हसली. दुकानदारही हसला, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. पुढचा सगळा वेळ दोघं एकमेकांशी आकड्यांत बोलत होती. मी स्टुलावर बसून होते. मला निम्मं कळत नव्हतं, पण कोण जिंकतंय ते कळत होतं.

ग्राफिक्स कार्डापाशी गाडी अडली. तिला हवं ते नवं कार्ड उरलेल्या पैशांत येत नव्हतं. दुकानदारानं खणातून तेच कार्ड काढलं, वापरलेलं, खोका नाही. "यह मेरे टेस्टिंग का पीस है. आधे में दे दूँगा. लेकिन गॅरंटी नहीं."

तिनं ते दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून चालवून घेतलं, पडद्यावर गाड्या पळताना पाहिल्या, आणि पैसे मोजले. निघताना दुकानदार पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ये लड़की मेरी दुकान बंद करवाएगी." मी त्याला इंग्रजीत धन्यवाद दिले. का ते माहीत नाही. बहुतेक खूश झाल्यामुळे.

येताना राजेगावला राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर बस थांबली तेव्हा बोर्ड तिच्या मांडीवर होता आणि कार्ड माझ्या. कार्ड एका चंदेरी पिशवीत होतं, आणि जोडायच्या क्षणापर्यंत पिशवीतून काढायचं नाही अशी तिची ताकीद होती. घरी आल्यावर तिनं आजोबांना स्वतःहून सांगितलं, "याला गॅरंटी नाही, बाबा."

आजोबांच्या घरात पिठाच्या चाळणीलासुद्धा पक्की पावती लागायची. ते इतकंच म्हणाले, "हेच दगा देईल, पाह्य."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जोडणी झाली. तिचे नियम कडक. अंगावर सुती कपडा हवा, नायलॉन किंवा रेशीम नको, कारण त्यानं वीज साठते आणि नाजूक भाग मरतात. हात धुऊन कोरडे केलेले हवेत. आधी नळाच्या लोखंडाला स्पर्श करायचा, मगच पाटाजवळ यायचं. आणि बाकी कुणी शिवायचं नाही. मी नायलॉनची साडी बदलून सुती नेसून आले. आजोबा दारातून बघत होते.

"सोवळंच आहे की हे," ते म्हणाले.

माझं काम होतं बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका मोठ्यानं वाचण्याचं. त्या पुस्तिकेचं इंग्रजी असं होतं, की वर्गात मी त्याला दहात तीन दिले असते. क्रियापदं गायब, वाक्यं मध्येच सोडून दिलेली. पण मी प्रत्येक वाक्य सरळ करून सांगत होते आणि तुमची आई त्याप्रमाणे एकेक वायर खोचत होती. दोनदा तिनं मला थांबवून फेरवाचन करायला लावलं. एकदा मी म्हटलं, "असं नसेल, छापण्यात चूक आहे," आणि तिनं चित्र बघून सांगितलं, "बरोबर आई, चूकच आहे." संध्याकाळपर्यंत बोर्ड पाटावर स्क्रूंनी बसला, प्रोसेसरवर पंखा बसला, हार्ड डिस्क, सीडीचा खण, विजेचा डबा आणि चालू करायचं सुटं बटण शेजारी. राहिलं फक्त कार्ड. या बोर्डाला स्वतःचं चित्र दाखवता येत नव्हतं. कार्डाशिवाय पडदा आंधळा. ते सकाळी मुहूर्तावर लावायचं म्हणून चंदेरी पिशवीतच राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी तुमची आई मैत्रिणीकडे खेळाची सीडी आणायला गेली. मी स्वयंपाकघरात, कढईत पुऱ्या. आजोबांनी अंगणात स्कूटर धुतली, तिची पूजा केली. ऑफिसातही दरवर्षी जीपची, टाइपरायटरची पूजा तेच करायचे. त्यांचा हात त्यात बसलेला होता. मग ते तबक घेऊन बैठकीच्या खोलीत जाताना मला दिसले. पाटाभोवती रांगोळी काढत होते, झेंडूचं फूल विजेच्या डब्यावर ठेवत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस तोंडानं कबूल करणार नाही, पण आतून पाघळला आहे. पुरी करपायला लागली म्हणून मी वळले.

तुमची आई आली आणि दारातच ओरडली, "बाबा!"

पंख्यावर कुंकू, हार्ड डिस्कवर कुंकू, डब्यावर कुंकू, सगळीकडे अक्षता. ती आधी हसली. मग पटकन कोरडं फडकं घेऊन पुसायला बसली आणि तांदळाचे दाणे एकेक उचलू लागली.

"पुसते काहून?" आजोबा दुखावले. "शुभ असते."

"शुभ आहे, बाबा. पण ओलं आहे ना."

"बरं. मले काय माहीत."

तिनं पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. मग पिशवीतून कार्ड काढून जागेवर दाबून बसवलं, मॉनिटर जोडला, आमच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला, आणि त्यातून सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकावा तसा टरटर आवाज आला. बंद. एक तांदूळ. चिमट्यानं काढला. पुन्हा बटण. आता पंखा गुपचूप फिरला, पण पडदा काळाच राहिला. बोर्डानं एक लांब आणि पाठोपाठ आखूड शिट्ट्या मारल्या.

"आई, पुस्तिका बघ. शिट्ट्यांचं पान."

मी पान काढलं. ते इंग्रजी सरळ करायची गरज पडली नाही. "चित्राचा भाग सापडत नाही," मी वाचलं.

म्हणजे कार्ड. बिनगॅरंटीचं कार्ड. आजोबांनी 'म्हटलं होतं ना' असं म्हटलं नाही. ते खुर्चीच्या दांडीवर बोट फिरवत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि नेमकी त्याच वेळी रोजच्या वेळेप्रमाणे वीज गेली. ती आता उन्हं कलल्यावर येणार होती.

तिनं सगळ्या वायरी सोडवल्या. "बाबा, जरा टॉर्च धरता?"

त्यांनी धरला. तिनं कार्ड उपसून काढलं आणि उलटं केलं. या कार्डाच्या एका कडेला बारीक सोनेरी दात असतात. तेच बोर्डात जातात. मागच्या बाजूनं ते सोनेरी दात लालभडक झाले होते. ओल्या हळदीकुंकवाचं एक ठसठशीत बोट, जागेवर दाबल्यानं चांगलं पसरलेलं. आजोबांनी टॉर्च खाली केला.

"ते मी लावलं," आजोबा म्हणाले.

"पण हे तर पिशवीत होतं, बाबा."

"सगळ्यायची पूजा केली, अन् हे एकटं पिशवीत राह्यलं. बरं नाही वाटलं. काढलं, लावलं, अन् होतं तसं ठेवून देल्लं."

"पण नेमकं इथंच?"

"सोन्यासारखं चमकत होतं ना. म्हटलं, हेच त्याचं कपाळ असन."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तो हक्क होता. पाट, सुती कपडे, धुतलेले हात, शिवाशीव नको: तिनं स्वतःच घालून दिलेले सगळे नियम देवघराचे होते, आणि आजोबांनी त्यात जे कमी वाटलं ते भरून काढलं होतं. तिला हे माझ्याआधी कळलं असावं. तिनं त्यांच्या हातातला टॉर्च घेऊन विझवला आणि म्हणाली, "आई, तुझं खोडरबर दे. पांढरं, नवं असेल ते. आणि औषधाच्या डब्यातलं स्पिरिट."

दोन्ही माझ्याकडे जागच्या जागी होतं. ओसरीवर उजेडात बसून तिनं ते सोनेरी दात खोडरबरानं हळूहळू घासले, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसले. मग कोरड्या ब्रशानं बोर्डावरची खाच साफ केली. त्यातूनही लाल निघालं. कार्ड जळलं आहे की नुसतं माखलं होतं, हे वीज आल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून आम्ही जेवायला बसलो.

दसऱ्याची श्रीखंड-पुरी इतक्या गप्पपणे मी कधी वाढली नव्हती. आजोबांनी दोनच पुऱ्या खाल्ल्या. मग ताटाकडे बघत म्हणाले, "नाही चाललं तर मी दुसरं घेऊन देतो. नवं. गॅरंटीवालं."

ज्यांनी एक रुपया वरून देणार नाही म्हणून सांगितलं होतं, तेच बोलत होते.

"नाही बाबा," तुमची आई म्हणाली. "ठरलं होतं तेवढ्यातच."

"अरे, पण चूक माझी आहे ना."

"तुम्ही पूजा केली, त्यात चूक काय? मी लावायच्या आधी उलटून पाहायला हवं होतं. माझी मशीन आहे."

"तसं नोको म्हणू, बेटा."

"वीज येऊ द्या. नाही चाललं तर सोमवारी कॉलेजात जाते, बी.एस्सी. तर बी.एस्सी. आई, श्रीखंड वाढ."

आणि तिनं खरंच दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, चालो की न चालो, हिला कुठंही पाठवावं. त्या दुपारी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं तिच्या पदवीच्या दिवशीही वाटला नाही, आणि त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले होते.

उन्हं उतरली. शेजारच्या घरात रेडिओ एकदम बोलायला लागला, म्हणजे वीज आली. ती उठली, हात धुतले, नळाला स्पर्श केला. कार्ड दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिलं आणि बसवलं. आजोबा खोलीच्या बाहेर उभे राहिले, उंबऱ्याच्या आत येईनात.

"बाबा, आत या. बटण तुम्ही दाबा."

"मी नोको."

"दाबा ना."

त्यांनी धोतराला हात पुसला, नळापाशी जाऊन आले, आणि एका बोटानं बटण दाबलं. एकच बारीक शिट्टी. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, ओळीमागून ओळ, आणि मी ती मोठ्यानं वाचत सुटले, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, जणू हजेरी घेत होते आणि सगळ्या मुली हजर होत्या. तुमची आई दोन्ही हात डोक्यावर ठेवून जमिनीवर बसली होती. आजोबा विचारत होते, "चाललं का? हे चाललं म्हणायचं का?"

"चाललं, बाबा!"

त्यानंतरही बराच वेळ सीड्या घालणं, काढणं चाललं. पण अंधार पडायच्या आत पडद्यावर डोंगरातला रस्ता आला, लाल मोटार आली, आणि ती अशी पळाली की मला खुर्चीची दांडी धरावी लागली. कुठे अडकणं नाही, थांबणं नाही. दुकानातल्या तयार कॉम्प्युटरवर हे झालं नसतं, हे मलाही कळत होतं. मग तिनं कीबोर्ड आजोबांपुढे सरकवला. त्यांनी मोटार डाव्या बाजूनं, सावकाश, वळणावर आणखी सावकाश चालवली. मागून गाड्या सुसाट जात होत्या.

"बाबा, ही रेस आहे!"

"घाट आहे ना हा. घाटात कायची रेस?"

ते शेवटचे आले, आणि समाधानानं उठले.

दिवेलागणीला लोक सोनं द्यायला येऊ लागले. आजोबांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी सपत्नीक आले. त्यांची नजर पाटाकडे गेली. "हे काय बुवा? पूजा मांडली आहे की रेडिओ खोलला आहे?"

"कॉम्प्युटर आहे," आजोबा म्हणाले. पाहुणे असूनही पुस्तकी मराठी विसरले होते. "पोरीनं जोडला. एक-एक सामान आणून. नागपूरचा दुकानदार पाह्यत राह्यला."

"वा! कोणत्या वर्षाला आहे म्हणालात?"

"बी.एस्सी.ले आहे. पण येत्या जूनमध्ये नागपूरले जाणार आहे. कॉम्प्युटरच शिकायले."

"अच्छा? ठरलं का?"

"हौ. ठरलं."

तुमची आई फराळाची ताटली घेऊन त्याच वेळी दारात आली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. तिनं आत जाऊन पाहुण्यांपुढे ताटली ठेवली, आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. आजोबांकडे तिनं पाहिलं नाही, त्यांनीही तिच्याकडे नाही. स्वयंपाकघरात आल्यावर तिनं माझा दंड घट्ट धरला.

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मला आधी का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुला सांगितलं असतं तर ते घरातलं बोलणं झालं असतं. उद्या बदलता आलं असतं. आता दसऱ्याला, चार माणसांत बोलले. ते आता त्यांनाही मोडता येणार नाही. मुद्दाम बोलले असतील."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेरून आजोबांची हाक आली, "बेटा, ये ना! यायले तो गाड्यायचा गेम दाखव!" तिनं डोळे पुसले, ओढणी सारखी केली, नळाला हात लावला आणि बाहेर गेली. मी पुढची ताटली भरायला घेतली.